प्रकाशाचा वेग आणि आम्ही मोजणीवाले

प्रकाशाचा वेग कसा मोजला याच्या गोष्टी नेहमी शास्त्रज्ञांच्या म्हणून सांगितल्या जातात. मला त्या निम्म्या तरी मोजणीवाल्यांच्या वाटतात. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, हे सातवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण पुस्तकांत बघा, सगळं कौतुक वेळेच्या बाजूचं. फिरती चाकं, फिरते आरसे, गुरूचे चंद्र. अंतराचा आकडा मात्र आयता टपकल्यासारखा येतो. तो कुणी मोजला, कशाने मोजला, किती उन्हात उभं राहून मोजला, हे कुणी विचारत नाही.

मी सर्व्हेअर आहे, म्हणून मला ते खटकतं. साताऱ्यात माझं छोटं ऑफिस आहे. कालवे, रस्ते, पाइपलाइन, प्लॉट, जे येईल ते मोजतो. ट्रायपॉडवर टोटल स्टेशन, म्हणजे प्रकाश पाठवून अंतर मोजणारं यंत्र, समोर आमचे मदतनीस काका प्रकाश परतवणारा प्रिझम धरून उभे, आणि बटण दाबलं की अंतर पडद्यावर. त्या यंत्राच्या पोटात प्रकाशाचा वेग आधीच भरलेला असतो. तो तिथे कसा आला हे शोधायला बसले आणि बऱ्याच संध्याकाळी त्यातच गेल्या.

गॅलिलिओपासून सुरुवात करायची पद्धत आहे, पण तिथे फार काही नाही. दोन माणसं, दोन झाकलेले कंदील, मैलाच्या आतलं अंतर. एकाने झाकण काढलं की दुसऱ्याने काढायचं. प्रकाश तत्क्षणी पोचत नसला तरी अतिशय वेगवान असला पाहिजे, एवढंच त्यांना म्हणता आलं. तेवढ्या अंतराला प्रकाशाला सेकंदाचा लाखावा भागसुद्धा लागत नाही. माणसाच्या हाताकडून याहून जास्त काय होणार?

ओले रोमर यांचं काम मात्र मला फार आवडतं. त्यांनी जे सांगितलं नाही, त्यासाठी. साल १६७६, पॅरिसची वेधशाळा. गुरूचा आयो हा चंद्र साधारण साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो आणि दर फेरीला गुरूच्या सावलीत शिरतो. पृथ्वी गुरूपासून दूर जात असेल त्या महिन्यांत त्याचं सावलीतून बाहेर येणं गणितापेक्षा उशिरा दिसतं. रोमर यांनी आधीच सांगून ठेवलं की ९ नोव्हेंबरला आयो दहा मिनिटं उशिरा दिसेल. तसाच दिसला. वाढलेलं अंतर कापायला प्रकाशाला वेळ लागतो, हे त्यांचं म्हणणं. पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडायला बावीस मिनिटं, असा त्यांचा हिशेब. आज आपण सोळा मिनिटं आणि वर थोडे सेकंद म्हणतो.

पण सेकंदाला किती कोस, हे त्यांनी लिहिलं नाही. सूर्य किती लांब आहे याचा त्या काळचा आकडा नुकताच कुठे हाती आला होता आणि तोही कच्चा. तो घेऊन भागाकार केला डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी. उत्तर आजच्या मापात सेकंदाला सुमारे २,२०,००० किलोमीटर, म्हणजे खऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी. वेळ मोजणाऱ्याने वेळच सांगावी, अंतर हाती नसताना वेग सांगू नये, ही शिस्त आमच्या धंद्यात आजही सगळ्यांकडे नाही. जाता जाता, हेच रोमर पुढे कोपनहेगनचे पोलीसप्रमुख झाले आणि शहरात रस्त्यावर तेलाचे दिवे लावायची व्यवस्था त्यांनी केली. त्यांची बहुतेक निरीक्षणं १७२८ च्या आगीत जळून गेली.

जमिनीवर दोन ठिकाणांमध्ये प्रकाशाला पळवून पहिला खरा आकडा काढला तो फिझो यांनी, १८४९ साली. पॅरिसजवळ सुरेन इथे वडिलांच्या घरी एक दातेरी चाक, त्याला ७२० दाते. आरसा मोंमार्त्रच्या टेकडीवर, ८,६३३ मीटर दूर. दोन दात्यांच्या फटीतून गेलेला प्रकाश परत येईपर्यंत चाक इतकं फिरलं पाहिजे की फटीच्या जागी पुढचा दाता यावा. सेकंदाला १२.६ फेरे झाले की परत येणारा ठिपका दिसेनासा होई. कागद-पेन घेऊन स्वतः करून बघा, उत्तर तीन लाख तेरा हजारांच्या आसपास येतं. पाच टक्क्यांच्या आत. फूको यांनी १८६२ मध्ये फिरता आरसा वापरून हेच काम खोलीतल्या खोलीत केलं आणि २,९८,००० वर आले. त्यांना टेकडीही लागली नाही. माझ्या दृष्टीने ही गोष्ट इथे जरा रोडावते.

ती परत भरते मायकेल्सन यांच्यापाशी. अल्बर्ट मायकेल्सन, अमेरिकेच्या नौदल अकादमीतले तरुण शिक्षक. १८७९ मध्ये त्यांनी ॲनापोलिसला समुद्राच्या भिंतीलगत सुमारे सहाशे मीटरची रेषा घेतली आणि ती पोलादी टेपने मोजली. त्यांचा आकडा २,९९,९१०. पोलादी टेपने सहाशे मीटर मोजणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्याला विचारा. तीस मीटरचा टेप वीस अंशांनी तापला तर सहा-सात मिलिमीटर लांब होतो. जोरात ओढला तर ताणतो, सैल धरला तर मध्ये झोळ पडतो. म्हणून टेपला ताण मोजायचा काटा लावायचा, शेजारी थर्मामीटर ठेवायचा आणि संध्याकाळी बसून दुरुस्त्या काढायच्या. डिप्लोमाला असताना आम्ही हे सगळं केलंय. तेव्हा वाटायचं, एवढा उपद्व्याप कशाला?

मग १९२० च्या दशकातली माउंट विल्सनची मोजणी. मायकेल्सन तेव्हा सत्तरीचे, नोबेल मिळूनही दीड तप होऊन गेलेलं. कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सनवर फिरता आरसा, आणि समोर माउंट सान अँटोनियोच्या बाजूच्या लुकआउट माउंटनवर परतवणारा आरसा. मध्ये पस्तीस किलोमीटरहून थोडं जास्त अंतर आणि खाली दऱ्या. अष्टकोनी आरसा सेकंदाला सुमारे ५२८ फेरे फिरे. प्रकाश जाऊन येईपर्यंत त्याची पुढची बाजू नेमकी पहिलीच्या जागी येऊन उभी राही. हे चित्र पुस्तकांत असतं.

पुस्तकांत नसतं ते असं. हे पस्तीस किलोमीटर मोजले अमेरिकेच्या कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हेने. १९२२ ला सुरुवात केली आणि आकडा हातात द्यायला दोन वर्षं घेतली. डोंगरांवरून टेप टाकता येत नाही, म्हणून सपाटीवर एक पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा पाया धरायची सरळ रेषा, घेऊन ती इन्वारच्या टेपांनी मोजली. इन्वार म्हणजे लोखंड आणि छत्तीस टक्के निकेल यांचा मिश्रधातू. तो उष्णतेने पोलादाच्या दहाव्या हिश्शाइतकाही वाढत नाही. ही करामत शोधली म्हणून ग्यियोम यांना १९२० चं नोबेल मिळालं. मापन करणाऱ्या माणसाला मिळालेलं नोबेल, म्हणून मला त्याचं विशेष! पायारेषेवरून मग कोन घेत घेत, त्रिकोणीकरणाने (त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात), डोंगरमाथ्यांमधलं अंतर काढलं. चूक दहा लाखांत एका भागाहूनही कमी असल्याचा त्यांचा अंदाज होता. म्हणजे पस्तीस किलोमीटरला साडेतीन सेंटीमीटरही नाही. टोटल स्टेशन नाही, कॅल्क्युलेटर नाही, सात-आठ अंकी लॉग टेबलं. मला खरंच हात जोडावेसे वाटतात.

आणि मग २९ जून १९२५ ला सांता बार्बराला भूकंप झाला. रेषा हलली असण्याची शक्यता आहे, असं पुढे बोललं गेलं. भरीला जंगलातल्या वणव्यांचा धूर, त्याने आरशातली प्रतिमा पुसट व्हायची. एवढं करून १९२६ चा आकडा आला २,९९,७९६, अधिक-उणे चार. आज आपण ज्याला बरोबर म्हणतो त्याच्या शेजारीच.

मायकेल्सन तरीही थांबले नाहीत. हवाच नको म्हणून अर्व्हाइन रँचवर मैलभर लांब, तीन फूट व्यासाचा पोलादी पाइप टाकून त्यातली हवा काढली. काम चालू असतानाच १९३१ मध्ये ते गेले. पीझ आणि पिअर्सन यांनी काम पुरं करून १९३५ ला आकडा दिला २,९९,७७४. हवा काढून, इतकी काळजी घेऊन, आकडा आधीपेक्षा बिघडला. तिथली जमीन स्थिर नव्हती, गाळाची होती. कालव्याच्या भरावावर पक्का बेंचमार्क, म्हणजे उंचीची कायमची खूण, करायला सांगणारे साहेब मी पाहिलेत. त्यांना हा पाइप दाखवायला पाहिजे.

यानंतरची पंधरा वर्षं मला सगळ्यात मजेशीर वाटतात. निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या पद्धतींनी मोजून आकडे दिले आणि ते सगळे २,९९,७७० च्या आगेमागे. १९४१ ला सगळ्यांचा मेळ घालून अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ बर्ज यांनी २,९९,७७६ ठरवला, अधिक-उणे चार. प्रकाशाचा वेग वर्षागणिक कमी होतोय, असंही काहींनी गंभीरपणे लिहिलं, तेही 'नेचर'सारख्या नियतकालिकात. खरा आकडा ठरलेल्या पट्ट्याच्या चौपट बाहेर होता. मोजणाऱ्यांना आधीच्यांशी जुळणारं उत्तर मिळालं की आणखी चुका शोधायचा उत्साह राहत नाही. क्लोजिंग एरर, म्हणजे मोजणी फिरून सुरुवातीला जुळवताना उरणारा फरक, मर्यादेत बसला की आम्हीही ट्रायपॉड मिटतो, तेव्हा जास्त बोलत नाही.

तो अडकलेला आकडा सुटायला हातभार लावणाऱ्यांत एक सर्व्हेअर होता. कार्ल अस्लाक्सन, त्याच कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हेतले. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांना वाट दाखवायला शोरान नावाची रेडिओ यंत्रणा वापरली होती. ती युद्धानंतर मोजणीला जुंपली. विमानातून दोन जमिनीवरच्या केंद्रांकडे रेडिओचे ठोके पाठवायचे, परत यायला किती वेळ लागला ते बघायचं, आणि वेगाने गुणून अंतर काढायचं. रेडिओलहरी म्हणजे प्रकाशाचीच भावंडं, वेग तोच. पण आलेली अंतरं त्रिकोणीकरणाच्या जुन्या अंतरांशी जुळेनात. २,९९,७७६ धरला तर तीनशे किलोमीटरच्या रेषेला सोळा मीटरचा फरक पडतो. असा प्रसंग आला की आपण आधी यंत्राला दोष देतो, मग माणसांना. अस्लाक्सन यांनी शेवटी दोष दिला तो प्रकाशाच्या वेगाला. जुन्या सर्व्हेतली अंतरं खरी मानून त्यांनी उलटा भागाकार केला आणि १९४९ मध्ये २,९९,७९२ छापला.

टेप आणि थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) घेऊन डोंगर तुडवणाऱ्यांची अंतरं प्रयोगशाळांच्या आकड्यापेक्षा पक्की निघाली. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला हे शिकवलं पाहिजे. एकाही पाठ्यपुस्तकात मी ते पाहिलेलं नाही.

एकटे अस्लाक्सनच नव्हते. इंग्लंडला नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लुई एसेन यांनी धातूच्या पोकळ डब्यात सूक्ष्मलहरी घुमवून तोच आकडा काढला. १९५० पर्यंत ते २,९९,७९२.५ वर आले होते. आणि स्वीडनच्या नकाशा खात्यातले एरिक बर्गस्ट्रांड, ज्यांना मी माझ्या धंद्याचे मूळपुरुष मानते. माहीत असलेल्या अंतरावर प्रकाश पाठवून वेग मोजायला म्हणून त्यांनी यंत्र बांधलं. प्रकाशाची तीव्रता सेकंदाला लाखो वेळा कमी-जास्त करायची आणि परत आलेल्या लहरीची पाठवलेल्या लहरीशी तुलना करायची. वेग चांगला आला, २,९९,७९३. मग त्यांनी तेच यंत्र उलटं वापरलं. वेग माहीत आहे ना, मग अंतर काढा! स्वीडनच्या एजीए कंपनीने ते जिओडिमीटर नावाने बाजारात आणलं. जड धूड, आणि काम करायचं ते रात्री. माझं टोटल स्टेशन त्याच घराण्यातलं.

त्याचं काम कसं चालतं ते काकांना मी असं सांगितलं होतं: बैलगाडीच्या चाकाचा घेर माहीत असेल तर सगळे फेरे मोजत बसायची गरज नाही. गाडी थांबली तेव्हा शेवटचा फेरा किती झाला होता तेवढं नीट बघा. पूर्ण फेरे किती झाले ते दुसऱ्या, मोठ्या चाकाने ढोबळ काढा. यंत्रातलं लहान चाक म्हणजे सेकंदाला दीड कोटी वेळा स्पंदणारा प्रकाश. त्याची एक लहर वीस मीटरची, जाऊन-येऊन धरून दहा मीटरची. त्या दहा मीटरचा कितवा हिस्सा उरला हे इलेक्ट्रॉनिक्स मिलिमीटरपर्यंत सांगतं.

काकांचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. सकाळी यंत्र लावल्यावर मी तापमान आणि हवेचा दाब भरते, ते त्यांनी कैकदा पाहिलेलं.

"मॅडम, उजेडाला कसलं आलंय ऊन?"

उजेडाला ऊन नाही, पण हवेला आहे. यंत्रात भरलेला वेग निर्वाताचा. हवेत प्रकाश सेकंदाला ऐंशी-नव्वद किलोमीटर हळू जातो, आणि किती हळू ते हवा किती दाट यावर ठरतं. तापमान एक अंशाने बदललं तर अंतरात किलोमीटरला साधारण एक मिलिमीटरचा फरक. आम्ही त्याला पीपीएम म्हणतो, दहा लाखांत एक. दाब तीन-साडेतीन हेक्टोपास्कलने बदलला तरी तेवढाच.

आता सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर. एप्रिलमध्ये दुपारी पारा अडतीसला. विरळ, तापलेली हवा. यंत्र कारखान्यातून येतं ते वीस अंश आणि समुद्रसपाटीचा दाब धरून. ते तसंच ठेवलं तर किलोमीटरमागे साडेतीन-चार सेंटीमीटर अंतर कमी दाखवतं. एका कालव्याच्या कामावर आधीच्या एजन्सीच्या चेनेजशी, म्हणजे सुरुवातीपासून मोजत आणलेल्या अंतराशी, आमची चेनेज जुळेना. आठ-नऊ किलोमीटर जाईपर्यंत फूटभर फरक. त्यांची फाइल मागवली, पीपीएमचा रकाना शून्य. ही चूक इकडे-तिकडे होऊन कापली जात नाही, दर किलोमीटरला त्याच दिशेने साठत जाते.

याच हिशेबाने मी एकदा मुंबई आणि महाबळेश्वर मांडून बघितलं. महाबळेश्वरची हवा थंड, पण उंचीमुळे विरळ, आणि विरळपणा जिंकतो. ढोबळ हिशेबाने तिथे प्रकाश मुंबईपेक्षा सेकंदाला आठ-दहा किलोमीटर जास्त वेगाने जातो. स्ट्रॉबेरी खायला जाणाऱ्यांना याचा उपयोग नाही, पण मला सांगायला आवडतं.

गोष्टीचा शेवट तसा प्रयोगशाळेतच झाला. १९७२ मध्ये बोल्डरला इव्हेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरची वारंवारता आणि तरंगलांबी दोन्ही मोजून सेकंदाला २९,९७,९२,४५६.२ मीटर असा आकडा काढला, अधिक-उणे १.१. याच्यापुढे जाईना, कारण आता मीटरच पुरेसा पक्का नव्हता. तेव्हाचा मीटर क्रिप्टॉनच्या नारिंगी प्रकाशाच्या तरंगलांबीवर ठरलेला होता आणि ती रेघच जराशी एका बाजूला कललेली. मग २१ ऑक्टोबर १९८३ ला वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने सरळ उलटं केलं. वेग ठरवून टाकला, २९,९७,९२,४५८, पुढे काही नाही. आणि प्रकाश सेकंदाच्या तितक्याव्या हिश्शात जितकं जाईल तो मीटर. बर्गस्ट्रांड यांनी यंत्र उलटं वापरलं तसंच, पण साऱ्या जगाने.

तेव्हापासून प्रकाशाचा वेग मोजता येत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुणी लेसर लावून तो 'मोजला' आणि चुकला, तर चुकलेलं असतं टेबलावरचं अंतर किंवा घड्याळ. मला यात सूक्ष्म समाधान आहे. इतकी वर्षं ज्या अंतराची कुणी दखल घेतली नाही, त्याच्यावरच आता सगळा दोष येतो.

एक जागा मात्र अजून जुन्या वळणाची आहे. फिनलंडमध्ये नुमेला इथे जंगलात ८६४ मीटरची पायारेषा आहे. एक मीटरच्या क्वार्ट्झच्या कांडीपासून सुरुवात, मग सहा, चोवीस, बहात्तर, दोनशे सोळा, चारशे बत्तीस, आठशे चौसष्ट. प्रत्येक टप्पा आधीच्याच्या पटीत, पांढऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरण पट्ट्या (दोन वाटांनी आलेला प्रकाश मिसळला की दिसणाऱ्या उजेड-अंधाराच्या रेघा) जुळवून. या पद्धतीत हवेतून प्रकाश किती वेगाने जातो हे माहीत असायची गरजच नाही, रेषेभर हवा सारखी असली की झालं. १९४७ पासून ती रेषा मिलिमीटरभरही हललेली नाही. कॅलिफोर्नियाच्या त्या गाळापुढे हे खडकासारखं वाटतं, पण आहे ते जंगलातलं वाळूचं टेकाड. ज्यांनी माझ्यासारख्यांची यंत्रं तपासायची, त्यांची यंत्रं तिथे तपासतात.

काकांना हे मी जेवताना सांगितलं. एक मीटरची कांडी, ८६४ मीटर, मिलिमीटरचा दहावा हिस्सा, सगळं. त्यांनी शांतपणे भाकरी संपवली आणि विचारलं, "जंगलात? मग लाइन ऑफ साइटला झाडं तोडायची परवानगी कुणी दिली?"